खेड्यातला पर्सनल ट्रेनर : हंगामातही क्लायंट टिकवायचा कसा

तालुक्याच्या गावी नवी जिम निघाली की पहिले दोन-तीन महिने पाय ठेवायला जागा नसते. मग मिरग लागतो, पेरणीची घाई सुरू होते आणि रोज सकाळी येणारे चेहरे एकेक करून दिसेनासे होतात. नवीन ट्रेनर म्हणतो, "आपल्या लोकांत जिद्दच नाही." मला हे अजिबात पटत नाही. सोयाबीन सोंगायला पहाटे वावरात जाणाऱ्या माणसाला जिद्द शिकवायची गरज नसते. त्याचं वर्ष जसं चालतं, तसा त्याचा व्यायाम कुणी बसवून दिलेला नसतो. शहरातल्या जिमचा बारा महिने सारखा चालणारा तक्ता इथे आणला की तो जूनमध्ये मोडतो.

म्हणून या कामात नव्याने येणाऱ्या मुला-मुलींना माझं पहिलं सांगणं हेच, की खंड पडणार हे धरूनच आखणी करा. क्लायंट कधी गैरहजर राहणार, त्या दिवसांत काय करणार आणि परत आल्यावर पहिल्या दिवशी काय करणार, हे तो येतो त्याच आठवड्यात ठरलेलं असलं पाहिजे. पुढचं सगळं याच्याभोवती आहे.

१. आधी नीट शिकून घ्या

स्वतःचं शरीर कमावलं म्हणजे दुसऱ्याला शिकवता येतं असं नाही. आपल्या विदर्भात या विद्येची जुनी परंपरा आहे. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे, आणि त्यांच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. शारीरिक शिक्षणाची पदवी घ्यायची असेल तर अमरावतीसारखं ठिकाण जवळ आहे. पदवीइतका वेळ नसेल तर फिटनेस ट्रेनरचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहेत, काही सरकारी कौशल्य योजनांखाली चालतात, तर काही खाजगी आणि परदेशी संस्थांचे. कुठलाही निवडा, पण तीन गोष्टी तपासा: शरीररचना शिकवतात का, प्रत्यक्ष माणसावर सराव करून घेतात का, आणि सीपीआर (हृदय बंद पडलेल्याच्या छातीवर दाब देण्याची पद्धत) शिकवतात का.

सीपीआरवर मी अडून बसतो. तालुक्याच्या गावातून मोठ्या दवाखान्यात पोचायला वेळ लागतो. १०८ ची गाडी येईपर्यंत मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, मोठ्या माणसाची छाती साधारण ५ सेंटिमीटर खाली जाईल असे दाब देता आले पाहिजेत. हे व्हिडिओ पाहून येत नाही, पुतळ्यावर हात बसवावा लागतो.

२. पहिल्या भेटीत वजन उचलायचं नाही

पहिला दिवस बोलण्याचा आणि तपासण्याचा. छातीत दुखतं का, चक्कर येते का, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू आहेत का, गुडघा-कंबर-खांदा कधी दुखावला का, ऑपरेशन झालंय का, हे सगळं विचारून लिहून घ्या. गेल्या काही महिन्यांत बीपी-शुगर पाहिलेली नसेल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. गावातल्या आशाताईंशी ओळख ठेवा, त्यांच्या एका शब्दाने लोक तपासणीला जातात. बाळंतपण झालेल्या ताई असतील, विशेषतः सिझेरियन असेल, तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय पोटाचे व्यायाम सुरू करू नका. हिमोग्लोबिन किती आहे हेही विचारा. दम लागण्याचं कारण पुष्कळदा तिथेच सापडतं.

आपल्या भागात दोन प्रश्न आणखी विचारावे लागतात. बाहेरून आलेल्या तयार फॉर्ममध्ये ते नसतात.

पहिला सिकलसेलचा, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट या पट्ट्यात सिकलसेल आहे, हे इथल्या प्रत्येक ट्रेनरला माहीत असायलाच हवं. या आजारात अति श्रम आणि अंगातलं पाणी कमी होणं यामुळे अचानक तीव्र वेदना उठू शकतात. नुसता वाहक (स्वतःला आजार नाही, पण पुढच्या पिढीला देऊ शकणारा) असलेला माणूस एरवी धडधाकट असतो, पण उन्हात, पाणी न पिता, एका दमात जोराची धाव घेतली तर त्यालाही जिवावरचा धोका होऊ शकतो. "सिकलसेलची तपासणी झाली का?" हे सरळ विचारा. झाली नसेल तर सरकारी दवाखान्यात होते. रुग्ण असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय सुरुवातच करायची नाही. वाहक असेल तर हळूहळू चढवा, मध्ये विश्रांती जास्त द्या, पाणी जवळ ठेवा, आणि पाय जड पडले, गोळे आले म्हणाला की तिथेच थांबवा. हे सगळं त्याच्याशी एकट्याने बोला, चारचौघांत नाही. लग्न जुळवताना या गोष्टी कुठून कुठे जातात, ते आपल्याला माहीत आहे.

दुसरा प्रश्न फवारणीचा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते इथे कुणी विसरलेलं नाही. ज्या दिवशी माणूस पाठीवर पंप घेऊन फवारून आला, त्या दिवशी त्याचा व्यायाम बंद. मळमळ, डोकं दुखणं, डोळ्यांपुढे धूसर दिसणं, खूप घाम, तोंडाला लाळ सुटणं यांतलं काही असलं तर त्याला थकवा समजू नका, लगेच दवाखान्यात न्या आणि औषधाचा डबा सोबत घ्या.

३. "कशासाठी आलात?" हे नीट विचारा

बहुतेक ट्रेनर हा प्रश्न उरकून टाकतात. "वजन कमी करायचं", "बॉडी बनवायची" असं उत्तर आलं की पुढे जातात. पण हे उत्तर पावसाळ्यात माणसाला परत आणत नाही. खरं कारण दोन प्रश्न पुढे असतं.

विल्यम मिलर आणि स्टीफन रॉलनिक या मानसशास्त्रज्ञांनी व्यसनमुक्तीच्या कामातून संवादाची एक पद्धत वाढवली. तिच्यातला एक प्रश्न मला सगळ्यांत उपयोगी वाटतो. पन्नाशीतले, शुगर असलेले एक दुकानदार काका आले तेव्हाचं बोलणं असं झालं:

"डॉक्टरनं सांगतलं म्हणून आलो जी."

"काका, व्यायाम तुम्हाला किती गरजेचा वाटतो? दहापैकी नंबर द्या."

"चार द्या."

"दोन काहून नाही म्हटलं?"

काका जरा थांबले. "आता पाहा, गोदामाच्या पायऱ्या चढतो तर दम लागते. पुढच्या साली पोरीचं लग्न हाय. धावपळ तर मलेच करा लागन ना."

'दहा काहून नाही?' असं विचारलं असतं तर काकांनी अडचणी मोजल्या असत्या. 'दोन काहून नाही?' म्हटल्यावर ते स्वतःच कारण सांगू लागले. ते वाक्य त्यांच्याच शब्दांत वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: "पोरीच्या लग्नात धावपळ मलेच करायची हाय." पुढे कधी ते ढिले पडले तर तुमचं भाषण नको, त्यांचं हे वाक्य त्यांना वाचून दाखवा.

आणि ऐकताना मध्ये सल्ला देऊ नका. नव्या ट्रेनरला हे सगळ्यांत जड जातं.

४. मोजायचं काय ते ठरवा

वजनकाटा एकटाच धरला तर माणूस लवकर हताश होतो. रात्री लग्नाचं जेवण झालं की सकाळी काटा एक किलो वर दाखवतो, त्याचा चरबीशी संबंध नसतो. त्यापेक्षा कंबर फितीने मोजा. भारतीयांसाठी पुरुषांची ९० सेंटिमीटर आणि बायकांची ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. खुर्चीवरून हात न टेकता ३० सेकंदांत किती वेळा उठता-बसता येतं ते मोजा. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि स्नायूंचा मेळ बसल्यामुळे, आरशात फरक दिसायला दोन-तीन महिने जातात. पण उठाबशा दहावरून चौदावर गेल्या हे तिसऱ्या आठवड्यातच दिसतं, आणि तेच माणसाला पुढच्या आठवड्यात आणतं.

पोलीस भरतीची मुलं-मुली हा आपल्याकडचा मोठा वर्ग. त्यांना जिद्द भरपूर असते, तिला शिस्त नसते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. शाळेच्या मैदानावर २०० मीटरची फेरी आखली तर १६०० मीटरच्या आठ फेऱ्या होतात. ५ मिनिटं २० सेकंदांचं लक्ष्य असेल तर फेरीला ४० सेकंद. बहुतेक पोरं पहिली फेरी ३३-३४ सेकंदांत मारतात आणि सहाव्या फेरीत मरगळतात. प्रत्येक फेरीची वेळ कागदावर लिहून हातात द्या. "जोर लाव" असं दहा वेळा ओरडण्यापेक्षा तो कागद जास्त काम करतो. रोज पूर्ण १६०० धावणाऱ्यांच्या नडग्या दुखायला लागतात आणि ऐन भरतीत पोरगा घरी बसतो, म्हणून आठवड्यातून दोनच दिवस जोराचे ठेवा.

५. हंगामाचा तक्ता करा

हे काम क्लायंटसोबत बसूनच करायचं. वर्षाचं कॅलेंडर समोर घ्या आणि त्याच्या कामाच्या तारखांवर खुणा करा. कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात जूनमध्ये पेरणी, मग निंदण-डवरणी-फवारणी, मध्ये पोळा, सप्टेंबरअखेरपासून सोयाबीनची सोंगणी, दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी जी जानेवारीपर्यंत लांबते, मग तूर, हरभरा. पूर्वेकडे धानाची रोवणी जुलै-ऑगस्टात, कापणी दिवाळीच्या सुमारास आणि लगेच मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे दिवस; जंगलपट्ट्यात मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं आणि मग तेंदूपत्ता. नोकरदारांचंही वेगळं नाही. झेडपीच्या शाळेतले सर परीक्षा आणि निवडणुकीच्या कामात अडकतात, आणि पाच एकर वावर असलं तर सोंगणीला त्यांनाही उभं राहावं लागतं.

आता वर्षाचे दोन भाग करा. मोकळ्या दिवसांत पूर्ण व्यायाम: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा आणि किमान दोन दिवस ताकदीचा. घाईच्या दिवसांत फक्त राखण. मी याला 'राखणीचा व्यायाम'च म्हणतो, कारण त्यात वाढवायचं काही नाही, आहे ते टिकवायचं. दमसास दोन-तीन आठवड्यांत उतरू लागतो, पण ताकद जास्त दिवस तग धरते, आणि आठवड्यातून एक-दोनदा जरी नेहमीच्या जोराने स्नायूंना काम दिलं तरी बरीचशी टिकते. म्हणून राखणीत वेळ कमी करा, पण जोर तोच ठेवा.

दुकानदार किंवा सरांसाठी राखणीचा व्यायाम म्हणजे घरी बारा-पंधरा मिनिटं: खाटेवरून उठाबशा, ओट्यावर हात टेकून जोर, भरलेली बादली दोन्ही हातांत घेऊन अंगणात चालणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं. यंत्र लागत नाही.

वावरात स्वतः राबणाऱ्याचं गणित वेगळं आहे. दिवसभर वाकून सोयाबीन सोंगलेल्या माणसाला रात्री स्क्वॅट मारायला सांगणं हा अन्याय आहे. त्याचे पाय दिवसभर कामाला लागलेलेच असतात, मोडलेली असते कंबर. त्याला पालथं झोपून छाती हळू उचलणं, मांडीचा पुढचा भाग ताणणं आणि झोप, एवढंच द्या. कापूस वेचणाऱ्या मावशींच्या पुढे कमरेला बांधलेल्या कापडात ओझं वाढत जातं आणि मान सतत खाली असते. त्यांना भिंतीला पाठ लावून दोन्ही हात वर सरकवण्याचा व्यायाम आणि मानेचे हलके ताण द्या. थकलेल्या माणसाला आराम वाटेल असं काही तुम्ही दिलं, तर हंगाम संपल्यावर तो तुमच्याचकडे येतो.

परत येण्याचा दिवसही तक्त्यात आधीच लिहा. "दिवाळी झाली की बघू" असं सोडू नका. भाऊबीजेनंतरचा सोमवार, सकाळी सहा, असं लिहा. आणि त्या दिवशी पूर्वीच्या निम्मेच सेट द्या, वजनही कमी. परतलेला माणूस जोशात असतो, त्याला सगळं एका दिवसात भरून काढायचं असतं. तसं करू दिलं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग इतकं धरतं की तो पुन्हा आठवडाभर येत नाही. अंगदुखीसोबत लघवी काळपट झाली तर तो साधा प्रकार नाही, तडक दवाखाना.

खंड पडला म्हणून सगळं वाया गेलं, ही समजूत क्लायंटच्या डोक्यातून काढणं हे तुमचं मोठं काम आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी सवय कशी लागते याचा अभ्यास केला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ पुरले तर कुणासाठी अंदाज २५४ पर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. '२१ दिवसांत सवय' हे जे जिमच्या भिंतीवर लिहिलेलं असतं, ते पुसून टाका. बाविसाव्या दिवशी कंटाळा आलेला माणूस स्वतःलाच दोष देत बसतो.

रोजच्या अडचणींसाठी 'तर'ची यादी करून घ्या. लाइन गेली तर? पाहुणे आले तर? संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला जायचं असेल तर? प्रत्येकापुढे एकच ओळ क्लायंटने स्वतः लिहायची: "पाहुणे आले तर सकाळी चहाच्या आधी बादली घेऊन दहा मिनिटं." ऐन वेळी ठरवायला माणसाकडे डोकं शिल्लक नसतं, आधी ठरलेलं असलं की होऊन जातं.

६. निरोप कसा पाठवायचा

एक दिवस चुकला की त्याच संध्याकाळी एक साधा निरोप: "सर, आज दिसले नाही. घरी सगळं बरं ना? उद्या सहाला वाट पाहतो." तीन वेळा चुकले तर फोन, आणि फोनवर आधी पीकपाण्याची विचारपूस. तरी आले नाहीत तर राखणीचा व्यायाम पाठवून द्या आणि परतीची तारीख विचारा. रोज सकाळी सुविचार पाठवू नका, ते कुणी वाचत नाही आणि तुमचा कामाचा निरोपही त्यात बुडतो. क्लायंटचे आधीचे-नंतरचे फोटो त्याच्या परवानगीशिवाय स्टेटसला लावू नका. गाव लहान आहे, एका फोटोने चार ताई यायच्या बंद होतात.

महिलांच्या बाबतीत जास्त जपून वागा. वेळ त्यांना विचारून ठरवा, बहुतेकींना डबे-शाळा आटोपल्यावरची सोयीची पडते. पुरुष ट्रेनर असाल तर हात लावून शिकवू नका, स्वतःच्या अंगावर करून दाखवा आणि दार उघडं ठेवा. जमलं तर एका ताईंना शिकवून सोबतीला घ्या. महिलांना एकेकटं बोलावण्यापेक्षा दोघी-तिघींचा गट करा. एकीला यावंसं वाटलं नाही तरी दुसरी तिच्या दारात येऊन हाक मारते, आणि ती हाक तुमच्या फोनपेक्षा मोठी असते. साडीवर यायचं म्हणाल्या तर येऊ द्या आणि व्यायाम त्याप्रमाणे बदला.

आणखी एक: प्रत्येक दिवशी निदान एक निवड क्लायंटच्या हाती ठेवा. "काका, आज आधी पाय करायचे का पाठ?" एवढंसुद्धा पुरतं. ज्यात आपलं मत चालतं ते काम माणूस सहसा सोडत नाही.

७. ऊन

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. या दोन महिन्यांत मैदानी सराव पहाटे पाच ते साडेसहा, नंतर नाही. टिनाच्या शेडमधली जिम संध्याकाळीही भट्टीसारखी तापलेली असते. बाहेरून आलेल्याला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे द्या. ओआरएसची पाकिटं ठेवा, नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे (चहाचे) चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. बोलणं असंबद्ध झालं, तोल गेला, अंग तापलं, तर सावलीत आडवं करा, ओल्या कापडाने अंग भिजवा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

८. ताटातलं बोला

जे घरात शिजतं त्यातूनच सांगा. साध्या प्रकृतीच्या मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं धरतात, ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला १.२ ते १.६. जवारीची भाकर तशीच राहू द्या, वरण घट्ट करायला सांगा, सोबत दोन अंडी (एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम), नाहीतर सोयाबीन वडी, फुटाणे, शेंगदाणे. ज्याच्या वावरात सोयाबीन पिकतं त्याच्याच ताटात ते नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. पावडर घ्यायचीच असेल तर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) नंबर आणि पक्कं बिल पाहून. ज्याची किडनी तपासणीत कमजोर निघाली आहे, त्याला प्रथिनं वाढवायला सांगू नका, डॉक्टरांकडे पाठवा.

इंजेक्शनबद्दल एकच वाक्य पुरे आहे: तुमच्या जिममध्ये कुणी स्टेरॉइड विकत असेल, तर तिथलं काम सोडा.

९. फी

बारा महिने सारखी फी इथे चालत नाही. मोकळ्या महिन्यांची पूर्ण, राखणीच्या महिन्यांची बरीच कमी, असं दोन दरांचं पत्रक करा. राखणीत तुम्ही तक्ता, निरोप आणि पंधरा दिवसांतून एक भेट देता, त्याचं मोल असतंच, म्हणून ते फुकट ठेवू नका. थोडे का होईना पैसे भरलेला माणूस स्वतःला तुमचा क्लायंट समजत राहतो. कापूस-सोयाबीन विकल्यावर देतो म्हणणाऱ्याला चार महिन्यांची मुदत द्या, पण रक्कम आणि तारीख वहीत लिहून सही घ्या. पैशाचा विषय व्यायामाच्या वेळेत, चारचौघांसमोर काढू नका. त्यासाठी महिन्याचा एक दिवस ठरवा आणि सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.